सिग्नलचा कॅमेरा, एका जागेवरचा की दोन टोकांचा?

रस्ता एक, पैसे एकाच प्रकारच्या कॅमेऱ्यापुरते आणि हातात गेल्या काही वर्षांच्या अपघातांची यादी. निर्णय घेणाऱ्यापुढे बहुधा एवढंच असतं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, अंधारात किती लांबून नंबरप्लेट वाचतो, हे विक्रेता न विचारताही सांगेल, म्हणून ते इथे सोडून देतो. तो आपणहून सांगत नाही ती गोष्ट वेगळी आहे. सिग्नल तोडणाऱ्याला टिपणारा कॅमेरा, एका जागेवर वेग पकडणारा कॅमेरा आणि दोन टोकांना बसून सरासरी वेग काढणारी जोडी, या तिघांचा अपघातांवरचा परिणाम सारखा नसतो. पहिले दोन एका प्रकारची धडक कमी करताना दुसऱ्या प्रकारची वाढवूही शकतात.

आधी यादीच नीट वाचावी लागते. अपघात किती, यापेक्षा कसे झाले ते वेगळं काढा: आडव्या रस्त्याने आलेल्याची बाजूला बसलेली धडक, मागून बसलेली धडक, पादचाऱ्याला उडवलेलं, दुभाजकावर किंवा खांबावर एकट्याने आपटलेलं. प्रत्येकापुढे वेळ लिहा आणि जवळच्या सिग्नलपासूनचं अंतर लिहा. यादीत निम्म्याहून जास्त पादचारी असतील आणि तेही सिग्नलपासून दोनशे मीटर लांब, तर सिग्नलचा कॅमेरा कितीही भारी असला तरी त्यांच्या कामाचा नाही. रात्री अकरानंतरच्या नोंदी जास्त असतील तर कॅमेरा चोवीस तास चालू राहणार का, हा पहिला प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये शाळांजवळचे वेग-कॅमेरे रात्री आणि शनिवार-रविवारी बंद ठेवावे लागत. १ ऑगस्ट २०२२ पासून ते चोवीस तास चालू झाले. बंद असण्याच्या वेळा लोकांच्या लवकर तोंडपाठ होतात.

सिग्नलच्या कॅमेऱ्याचा हिशेब सर्वांत जास्त तपासला गेला आहे. अमेरिकेच्या फेडरल महामार्ग प्रशासनाचा २००५ सालचा अभ्यास १३२ चौकांचा होता. त्यात आडव्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या आणि मागून बसणाऱ्या सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. आडवी धडक दारावर बसते, तिथे पत्रा आणि माणूस यांच्यात वीतभर जागा असते. मागच्या धडकेत आधी डिकी चेपते. त्यामुळे तोटा वजा करूनही हिशेब फायद्याचा निघाला, पण फायदा बेताचाच. ह्यूस्टनमध्ये २०१० साली मतदारांनी हे कॅमेरे बंद करायला लावले. त्या बदलावर बेतलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासात कॅमेऱ्यांमुळे एकूण अपघात कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आडव्या धडका कमी, बाकीच्या जास्त, अशी नुसती अदलाबदल दिसली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते चारचाकी गाड्यांच्या गर्दीतले आहेत. ज्या रस्त्यावर निम्मी वाहतूक दुचाकींची आहे, तिथे 'मागून धडक म्हणजे डिकीवर निभावलं' हे गणित लागू पडत नाही. दुचाकीला डिकी नसते. मागून बसलेला धक्का थेट माणसाला रस्त्यावर फेकतो आणि त्याच्या मागे तिसरं वाहन येतच असतं. तिथे आडवी धडक देऊन मागची धडक घेण्याचा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

शिवाय कॅमेरा नेमका कोणाला पकडतो तेही पाहायला हवं. लाल लागल्यावर पहिल्या सेकंदाच्या आत स्टॉप लाइन ओलांडणारे सर्वांत जास्त असतात. पिवळ्यावर अंदाज चुकलेली ही माणसं. त्यांच्यामुळे आडवी धडक सहसा होत नाही, कारण आडव्या रस्त्याला हिरवा मिळायला अजून क्षणभर असतो. जीव घेतो तो लाल लागून चार-पाच सेकंद झाल्यावर घुसणारा: सिग्नलकडे लक्षच नसलेला, झोप अनावर झालेला, नशेतला. त्याला कॅमेऱ्याची भीती नसते, कारण त्याला कॅमेराच दिसलेला नसतो. दंडाच्या पावत्यांचा ढीग पहिल्या गटाचा आणि मृत्यूंची नोंद दुसऱ्या गटाची, अशी ही विसंगती आहे.

म्हणून सिग्नलचा कॅमेरा मागण्याआधी पिवळा दिवा घड्याळ लावून मोजा. रूढ सूत्र सोपं आहे: विचार करायला एक सेकंद, अधिक वेगाला मंदावण्याच्या दुपटीने भागून येणारी सेकंदं. मंदावणं दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रतिसेकंद धरलं, तर ताशी ५० किलोमीटरला पिवळा साधारण ३.३ सेकंद लागतो, ६० ला ३.८. उतार असेल तर आणखी. आता त्या रस्त्यावर गाड्या खरोखर ६० ने येत असतील आणि पिवळा ३ सेकंदांचा असेल, तर काही चालकांना कायदा पाळून थांबणं शक्यच नसतं. त्यांना दंड करून अपघात कसा कमी होणार? फिलाडेल्फियातल्या २००८ सालच्या अभ्यासात आधी पिवळा साधारण एका सेकंदाने वाढवला, तेवढ्यानेच सिग्नल तोडणं ३६ टक्क्यांनी घटलं. मग कॅमेरा लावला तेव्हा उरलेल्यातलं ९६ टक्के गेलं. क्रम हाच ठेवावा: प्रत्यक्ष वेग मोजायचा, त्यावर पिवळा बसवायचा, सगळ्या बाजूंना एकदम लाल असलेला सेकंद-दोन सेकंदांचा वेळ द्यायचा, झाडाच्या फांदीआड गेलेला दिवा मोकळा करायचा. एवढं करूनही आडव्या धडका राहिल्या तर कॅमेरा. कित्येक चौकांत ती वेळ येणार नाही.

आता वेगाचे कॅमेरे. वेगावर इतका भर का, याचं उत्तर एका साध्या गणितात मिळतं. ताशी ५० ने चाललेली गाडी, चालकाला भानावर यायला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक धरला, तर साधारण २८ मीटरमध्ये थांबते. ६० वाली त्याच ठिकाणी, म्हणजे ५० वाली थांबून उभी असते तिथे, अजून ताशी ४० च्या वेगात असते. मधल्या दहा किलोमीटरचा फरक चालकाला काहीच वाटत नाही, पण तिथे उभ्या असलेल्या पादचाऱ्यासाठी तो ० आणि ४० चा फरक असतो. स्वीडनचे रस्तासुरक्षा संशोधक निल्सन यांचा ढोबळ नियमही हेच सांगतो: सरासरी वेग १ टक्क्याने कमी झाला तर जीवघेणे अपघात सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतात.

एका जागेवरचा वेग-कॅमेरा काम करतो, यात शंका घ्यायला जागा नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यात ३५ अभ्यास होते आणि कॅमेऱ्यांच्या आसपासचे अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी घटलेले दिसले. पल्ला मोठा आहे, कारण जागा, दंड, पाटी, तपासणीची पद्धत सगळंच वेगवेगळं. दिशा मात्र एकच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या २०१७ सालच्या अभ्यासात ब्रिटनमधल्या कॅमेऱ्यांचा फायदा पाचशे मीटरच्या आत चांगला होता, पुढे तो विरत गेला आणि दीड किलोमीटरपलीकडे अपघात उलट वाढल्याच्या खुणा होत्या.

त्या 'पुढे विरत गेला' मध्येच माझी खरी चीड आहे, आणि माझा कौल शेवटी तिच्यावरच ठरला.

कॅमेऱ्याच्या अलीकडे पन्नास-ऐंशी मीटरवर, पादचारी पुलावर रात्री अर्धा तास उभं राहावं. खाली लाल दिव्यांची एक पट्टी सतत पेटत-विझत असते. वाहनं मर्यादेपेक्षा दहा-पंधराने जास्त येतात, खांब दिसला किंवा मोबाइलमधलं ॲप बोललं की ब्रेक, खांब मागे पडला की ॲक्सिलरेटर. खांबाच्या पायथ्याशी मोजलेला वेग अगदी सुरेख निघतो. बरंच पुढे जाऊन मोजलात तर बहुधा कॅमेरा लागण्याआधीचाच आकडा, कधी त्याहून थोडा जास्त, गेलेला वेळ भरून काढल्यासारखा.

हे नुसतं डोळ्यांना खटकतं असं नाही, त्यात धोका आहे. पुढची गाडी ताशी ६५ वर आहे, तिने कॅमेरा पाहून सेकंदाभरात ५० वर आणली. मागचा ९ मीटरवर आहे. शहरात या वेगाला एवढंच अंतर ठेवणारे पुष्कळ. मागच्याला ब्रेकचा दिवा दिसून पाय पडायला दीड सेकंद लागला आणि मग त्यानेही तसाच ब्रेक धरला, तर दोघांमधलं अंतर सव्वासहा मीटरने कमी होतं. उरतात पावणेतीन. त्याने अर्धा सेकंद जास्त मोबाइलकडे पाहिलं तर उरतं सुमारे पाऊण मीटर. त्याच्या मागे दुचाकी असेल, रस्ता पहिल्या पावसाने तेलकट झालेला असेल, तर पुढचं गणित करायची गरज नाही. ज्या उपकरणाने रस्ता शांत व्हायचा, त्यानेच दर काही सेकंदांनी रस्त्याला एक झटका द्यायचा, हे मला पटत नाही. आणि हा झटका नेमका अनोळखी माणसामुळे बसतो. रोजचा चालक खांब ओळखतो आणि आधीच सावकाश हळू होतो; नवा माणूस अचानक पाहून दाबतो.

यावर थोडेफार उपाय आहेत. कॅमेऱ्याच्या आधी, सावकाश हळू होता येईल इतक्या अंतरावर ठळक पाटी, पाटीवर वेगमर्यादेचा आकडा. खांब उताराच्या तळाशी किंवा वळणाच्या तोंडाशी नको. मर्यादेपुढे दहा किलोमीटरपर्यंत दंड न करण्याची सूट ठेवली तर लोकांना ती महिन्याभरात कळते आणि खरी मर्यादा दहाने वाढते. सूट उपकरणाच्या चुकीएवढीच असावी. रिकाम्या पेट्या जागोजाग लावून एकच कॅमेरा त्यांत फिरवता येतो. यांनी झटका सौम्य होतो, जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यासारखे लपवलेले, फिरते कॅमेरे वापरले तर खांबच नसल्याने झटकाही नसतो. पण त्यासाठी रोज माणसं आणि गाड्या लागतात, म्हणून एका रस्त्यापुरत्या निर्णयात ते बसत नाहीत.

दोन टोकांच्या जोडीत ही चीड मुळातच उरत नाही. पहिल्या टोकाला प्लेट आणि वेळ, दुसऱ्या टोकाला प्लेट आणि वेळ, मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागायचं. एक किलोमीटरच्या टप्प्यात ५० ने जायला ७२ सेकंद लागतात, ६० ने ६०. शेवटच्या खांबापाशी ब्रेक मारून काही मिळत नाही, म्हणून कोणी मारत नाही. वाहनं एकसारख्या वेगाने जातात आणि एकसारखा वेग म्हणजेच मागच्या धडका कमी. अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या २०१४ सालच्या एका विश्लेषणात एका जागेवरच्या कॅमेऱ्यांनी एकूण अपघात सुमारे २० टक्क्यांनी, तर दोन टोकांच्या पद्धतीने सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं निघालं. मृत्यू आणि गंभीर जखमांचे अपघात दोन टोकांच्या पद्धतीत ५६ टक्क्यांनी घटले.

यातले बरेच रस्ते महामार्ग आणि बोगदे आहेत, हे कबूल करायला हवं. शहराच्या जवळ जाणारं उदाहरण इटलीतल्या नेपल्सच्या शहरी द्रुतगती मार्गाचं. तिथे २००९ मध्ये ही पद्धत आली आणि अपघात ३२ टक्क्यांनी घटले. पण पहिल्या सहामाहीतली ३९ टक्क्यांची घट पाचव्या सहामाहीत १८ वर आली होती. खांब उभे राहतात, धाक मात्र ओसरतो. नोटीस आठवड्याभरात घरी आली तर चालकाच्या डोक्यात ती त्या रस्त्याशी जोडली जाते. दोन महिन्यांनी आली तर तोवर त्याने आणखी चाळीस वेळा तेच केलेलं असतं आणि सगळ्या नोटिसा एकदम आल्या की तो रस्त्यावर नाही, व्यवस्थेवर चिडतो. हे तिन्ही प्रकारांना लागू आहे, पण दोन टोकांच्या पद्धतीत खांबाचा दृश्य धाक कमी असल्याने तिला नोटिसांच्या शिस्तीची गरज जास्त.

आता तिच्या उणिवा, आणि त्या शहरात खऱ्या आहेत. सर्वांत मोठी म्हणजे मधला सिग्नल. त्याच एक किलोमीटरच्या टप्प्यात एखादा ३० सेकंद लाल दिव्यापाशी थांबला, तर त्याच्याकडे उरतात ४२ सेकंद. तो सगळा टप्पा ८५ ने कापू शकतो आणि तरी कागदावर सरासरी ५० च येते. म्हणजे थांबण्याच्या बदल्यात त्याला मोकळं रानच मिळालं. त्यामुळे टप्पा दोन सिग्नलांच्या मध्येच बसला पाहिजे, आणि सिग्नलपासची रांग जिथवर लागते त्याच्या बाहेर. उड्डाणपूल, बोगदा, नदीकाठचा लांब रस्ता, बाह्यवळण यांना हे सहज जमतं. दर दोनशे मीटरवर चौक असलेल्या जुन्या पेठेत जमत नाही आणि जमवूही नये.

दुसरी उणीव गल्ल्यांची. मधल्या गल्लीत वळलेला, मध्ये दुकानापाशी थांबलेला सुटतो. सुटो बापडा, आपल्याला पावत्या नको आहेत, सरळ जाणाऱ्या बहुसंख्यांचा वेग हवा आहे. पण गल्लीतून टप्प्याच्या मध्यावर शिरणारी वाहतूक मोठी असेल, तर तिथे तिसरा कॅमेरा लागतो.

तिसरी प्लेट वाचण्याची. एका टोकाला १०० पैकी ९० प्लेटा नीट वाचल्या जात असतील तर दोन्ही टोकांना जुळणाऱ्या उरतात ८१. म्हणून करारात एकेका कॅमेऱ्याच्या वाचनाचा आकडा मान्य करू नका, जुळणीचा आकडा लिहून घ्या, आणि तो दुचाकींसाठी वेगळा. दुचाकींची मागची प्लेट लहान, वाकलेली, चिखलाने माखलेली किंवा नक्षीदार अक्षरांत असते. फक्त समोरून पाहणारा कॅमेरा लावला तर दुचाकी जवळजवळ अदृश्यच. कॅमेरे पाठीमागून वाचणारे हवेत, प्रत्येक लेनवर हवेत, कारण मधल्या अंतरात लेन बदलली जाणारच. अंतर चाकाला शक्य असलेल्या सर्वांत आखूड वाटेने मोजून घ्यायचं, म्हणजे चूक झाली तर चालकाच्या बाजूने होईल. दोन्ही घड्याळं एकाच स्रोताशी जुळलेली हवीत. टप्पा ३०० मीटरच्या खाली गेला की मला धाकधूक वाटते: तिथे ५० आणि ६० मधला फरक साडेतीन सेकंदांचा उरतो, आणि प्लेट खांबाआधी नेमकी कुठे वाचली गेली यातली चूक त्या प्रमाणात मोठी दिसायला लागते. पाचशे मीटर ते दीड किलोमीटर हा पल्ला सुखाचा.

मग एका जागेवरच्या कॅमेऱ्याला अजिबात जागा नाही का? आहे. शाळेचं फाटक, रुग्णालयासमोरचे झेब्रा पट्टे, जिथे शंभर-दीडशे मीटरचाच प्रश्न आहे आणि पुढे चौक आहे, तिथे तोच बरा. सिग्नल आणि वेग दोन्ही पाहणारा कॅमेराही मोठ्या चौकात उपयोगी पडतो, कारण हिरवा जायच्या आत पोचायला वेग वाढवणारा त्यात सापडतो. बाकी सलग, लांब, रात्री मोकळ्या होणाऱ्या रस्त्यासाठी मी दोन टोकांच्याच बाजूने बोलेन. तुमच्या यादीत दुसरंच काही निघालं तर माझं ऐकू नका, यादीचं ऐका.

लावल्यानंतरचा आकडा मात्र जपून वाचा. ज्या जागी गेल्या वर्षी आठ अपघात झाले म्हणून कॅमेरा लागला, तिथे पुढच्या वर्षी काहीही न करता पाच होण्याची शक्यता बरीच असते. वाईट वर्षानंतर साधारण वर्ष येतंच. त्यामुळे आधीची किमान तीन वर्षं, शक्य तर पाच, आणि शेजारी तसाच एखादा कॅमेरा नसलेला रस्ता तुलनेला ठेवा. वेग मोजाल तर खांबापाशी मोजू नका. टप्प्याच्या बरोबर मध्यावर आणि शेवटच्या खांबाच्या पाचशे मीटर पुढे मोजा, रात्री साडेदहानंतर, कॅमेरा लागण्याआधी एकदा आणि सहा महिन्यांनी त्याच वारी. मागून धडकांचा रकाना तेव्हाही वेगळाच ठेवा.